शर्टाची खळ

सत्त्याण्णव साली, कोपरीच्या बसच्या रांगेत, मालनच्या मागे एक निवृत्त सर आणि त्यांचा जुना विद्यार्थी बोलत होते; तिला सगळं ऐकू येत होतं.

"सर, आपला रंगावर चालणारा सोलर सेल आता गळत नाही. आतल्या आयोडीनच्या द्रावाची जेल जमली."

"वीज कमी होत असेल."

"थोडी होते. पण शर्ट वाचतात."

"आमची ही माझ्या शर्टांना भाताच्या पेजेची खळ घालायची. खळीवर आयोडीन पडलं की डाग काळानिळा व्हायचा. फार बोललो तिला. शेवटी खळच बंद करायला लावली."

"मग आता सांगा काकूंना घालायला."

"श्रावणात गेली रे ती."

"सर... मला कळलंच नाही."

"जेल कशी जमवलीस?"

"तुम्ही सांगायचात तशीच. मंद आचेवर, सारखी ढवळत."

"हं. परवा मीही तशीच खळ करायला घेतली. गुठळ्याच झाल्या."