भासऱ्यांनी भरलेला फॉर्म

अहेरीहून निघालेल्या एसटीत डॉ. रंजीता गेडाम तोंडाला स्कार्फ बांधून बसल्या होत्या. आठ वर्षं त्यांनी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणाऱ्यांच्या रक्तात कॅन्सरची खूण शोधली. आता त्याच गावांत माणसांच्या मनातली भीती समजून घेत होत्या. पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"चंदा, रक्त घेतलं तवा खर्रा खातो म्हणून सांगितलं होतं का तू?"

"नाई वो."

"काऊन? रोज त खातेस."

"गावात मॅडमचे फारम भासरेच भरून राह्यले होते ना. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर कसं सांगू? साऱ्याच बायाइनं नाई म्हटलं."

"कालही तेच मॅडम आली होती ना, मनातलं विचाराले?"

"हो. कायचं भेव वाटते का, म्हणे."

"वाटते?"

"तोंड पुरं उघडत नाई, गोकुळा. महिना झाला, झोप नाई."

"मंग सांगितलं का तिले?"

"कसं सांगू? कालही भासरेच लिहून राह्यले होते."

रंजीताबाईंनी स्कार्फ सोडला, पिशवीतून कोरा कागद काढला आणि पुढे वाकल्या.

"चंदाबाई, आता सांगता? मी लिहिते."