कोरी प्रत

केंटमधल्या जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात चहाची रांग मुंगीच्या पावलांनी पुस्तकविक्रेत्याच्या पाठीमागून सरकत होती. रांगेतल्या हॉरेसला टेबलापलीकडची म्हातारी दिसत नव्हती, पण बोलणं कानावर पडत होतं.

"सैन्यातली नेमबाजी शिकवायची पुस्तिका. वर सिरिल टॅपली असं नाव असेल. माझा भाऊ. वहिनीनं पेटीसकट तुम्हाला विकली."

"आली होती, बाई. नाव मी खरवडून काढलं."

"का हो?"

"संग्राहकांना कोरी प्रत लागते. समासातली पेन्सिलही पावाच्या गोळ्यानं पुसली. एक डाग ठेवला नाही."

"काय लिहिलं होतं त्यानं?"

"मी पुसत होतो, बाई. वाचत नव्हतो."

"शेवटच्या रजेला आला, तेव्हा ती घरी विसरून गेला. परत आलाच नाही. त्याच्या हातचं दुसरं काही नाही हो आमच्याकडे."

"चुकलंच माझं."

"असू दे. कोरी तर कोरी, तीच द्या."

"सकाळीच गेली. तपकिरी टोपीवाले गृहस्थ होते. इथंच असतील कुठंतरी. विचारून बघा, देतीलही."

हॉरेसनं पिशवी काखेत घट्ट धरली आणि डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली.