'खाणवाट' गेमच्या चित्राबाबत पुरवणी जबाब

दि. २९ मार्च २०२५

नाव: सबिना चमन शिकलगार, वय २७ वर्षे, धंदा: संगणकावर चित्रकाम, राहणार: सदर बाजार, कोल्हापूर.

मी आज रोजी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी आई व थोरल्या भावासह राहते. मयत प्रसेनजीत केरबा शिंगे, वय २९, रा. कामगार वसाहत, वारणानगर, यास मी सात वर्षांपासून ओळखत होते. कोल्हापुरात ॲनिमेशनच्या क्लासला आम्ही एकत्र होतो. गेली तीन वर्षे तो एक गेम तयार करत होता व त्यातील सर्व चित्रे मी काढत होते.

दि. १९ मार्च रोजी मी याच ठिकाणी जबाब दिलेला आहे. प्रसेनजीत खाणीवर कशासाठी गेला हे मला माहीत नाही, असे मी त्यात सांगितले होते. ते खरे नाही. मला माहीत होते. आज मला कोणी बोलावलेले नाही.

गेमचे नाव 'खाणवाट' असे आहे. त्यात मारामारी किंवा पळापळी नाही. एक मुलगी बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत उतरते आणि तिथे काम करून गेलेल्या माणसांच्या खुणा शोधत फिरते, एवढाच खेळ आहे. जोतिबाच्या डोंगराच्या मागील बाजूस असलेल्या खाणीवरून प्रसेनजीतने तो रचला. त्याचे आजोबा त्या खाणीत दगड फोडायचे.

गेम विकायचा तर तो ऑनलाइन दुकानात लावावा लागतो. दुकान उघडले की प्रत्येक गेमचे एक लहान चित्र दिसते, त्याला थंबनेल म्हणतात. लोक ते चित्र बघूनच गेम उघडायचा की पुढे सरकायचे ते ठरवतात. आमच्या गेमचे पान जानेवारीत दुकानात लागले. गेम दि. १० एप्रिलला विक्रीस येणार होता. शंभर जणांना चित्र दिसले तर त्यातला एक जणसुद्धा ते उघडत नव्हता. प्रसेनजीत हा आकडा रोज सकाळी मला पाठवायचा.

ते पहिले चित्र मीच काढले होते. त्यात डोंगर, खाण, पाणी, मुलगी, कंदील, पक्षी असे सगळे होते. मोठे असताना ते चांगले दिसत होते. फोनवर नखाएवढे झाले की हिरवा-काळा चिखल दिसायचा. मी त्याला म्हणाले, "माझं ऐक. एकच गोष्ट ठेवायची. मोठा अंधार, एक उजेड, त्यात बारकं माणूस. बाकी सगळं काढ." तो म्हणाला, "सगळंच काढलं तर खाण कशी कळायची गं लोकांस्नी?" मी म्हणाले, "कळू नकोच की. आत काय हाय ते बघायला आत यायला पाहिजेत." त्याला ते पटले. त्यानंतर मी चौदा चित्रे केली. प्रत्येक चित्र लहान करून, रंग काढून काळे-पांढरे करून आणि दुसऱ्या गेमच्या चित्रांमध्ये ठेवून पाहिले. एकही उठून दिसले नाही.

दि. १७ मार्च रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास तो माझ्या घरी आला होता. मी त्यास सांगितले की, चित्रातला उजेड खोटा आहे, मी तो मनाने काढलेला आहे, खाणीत ऊन नेमके कुठून आणि किती खाली उतरते ते मला माहीत नाही. तो म्हणाला, "उद्या जाऊन फोटोच काढून आणतो की." मी बरोबर येणार होते. परंतु मला दुसरे एक काम पूर्ण करून द्यायचे होते म्हणून गेले नाही.

दि. १८ मार्च रोजी दुपारी १२.१० वाजता त्याचा फोन आला की खाणीत पोहोचलो आहे, ऊन अजून अर्ध्या भिंतीवर आहे. तिथे रेंज चांगली येते. खाणीच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे कातळात पायरीसारख्या सोडलेल्या जागेवर, त्याने फोन लहान स्टँडवर ठेवला होता. दहा सेकंदांचा टायमर लावून तो पुढे जाऊन उभा राहत होता. माणूस असल्याशिवाय खाणीचे माप कळत नाही, म्हणून तो स्वतः उभा राहिला. निघालेला फोटो आपोआप आमच्या दोघांच्या फोल्डरमध्ये येत होता व मी घरी संगणकावर पाहत होते. एकूण पाच फोटो आले.

पहिल्या दोन फोटोंत तो सावलीत होता. कातळ कुठला आणि तो कुठला ते कळत नव्हते. १२.३१ वाजता मी मेसेज केला, "सावलीत दिसत नाहीस. उजेडात ये." १२.३४ वाजता तिसरा फोटो आला. तो बरा होता. १२.३५ वाजता मी मेसेज केला, "अजून दोन पावलं पुढं. अंगाभोवती उजेडाची कड यायला पाहिजे." त्याने उत्तर दिले, "कडेला मुरूम सुटलाय. बघतो." त्यावर मी अंगठ्याचे चिन्ह पाठवले.

सदरचे सर्व मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत. मी काहीही खोडलेले नाही. फोन आज जमा करत आहे.

१२.३८ वाजता चौथा फोटो आला. त्यात तो टप्प्याच्या अगदी कडेला पाठमोरा उभा आहे. वरून आलेले ऊन त्याच्या डोक्यावर व खांद्यांवर आहे आणि पुढे सगळा अंधार आहे. मी तो फोटो लगेच नखाएवढा करून पाहिला. तेवढा केला तरी माणूस स्पष्ट दिसतो. १२.४१ वाजता मी मेसेज केला, "हेच. झालं काम. ये आता." तो मेसेज त्याने पाहिलेला नाही. त्याआधी १२.४० वाजता पाचवा फोटो येऊन पडला होता. तो मी नंतर उघडला. त्यात कातळ आहे, ऊन आहे आणि माणूस नाही.

तो बाजूला गेला असेल असे मला वाटले. विचारल्यावरून सांगते की, त्यानंतर मी चौथ्या फोटोवरून चित्र काढायला बसले. १.२५ वाजेपर्यंत काढत होते. चित्र चांगले जमत होते म्हणून वेळेकडे लक्ष गेले नाही. मग फोन लावला. सात वेळा लावला. त्याने उचलला नाही.

मी त्याची बहीण अक्षता शिंगे हिला फोन केला. ती त्या दिवशी कॉलेजसाठी कोल्हापुरातच होती. आम्ही दोघी माझ्या मोपेडवरून अडीचच्या सुमारास खाणीवर पोहोचलो. त्याची गाडी वर उभी होती. फोन स्टँडवर तसाच होता. कडेचा मुरूम ताजा ढासळलेला दिसत होता. खाली सुमारे चाळीस फुटांवर पाणी आहे. अक्षताने हाका मारल्या. मी मारल्या नाहीत. तिने ११२ ला फोन लावला. बचाव पथकाने सव्वापाच वाजता त्यास बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी जबाब देताना अक्षता शेजारी बसली होती. तिच्यासमोर मला मेसेजचे सांगता आले नाही.

त्यानंतर वसाहतीत असे बोलले जाऊ लागले की, तिशीला आला तरी पोरगा घरात बसून खेळत होता, वैतागून त्याने उडी मारली. काही जण दारू प्यायला होता असेही म्हणत होते. एका बातमीत आत्महत्येचा संशय असे छापून आले. प्रसेनजीत दारू पीत नव्हता. उडी मारण्याचे कोणतेही कारण नव्हते. त्या सकाळी त्याने मला पाठवलेल्या मेसेजमध्ये गेम विक्रीला लागल्यावर दोघांनी कुठे जेवायला जायचे ते लिहिलेले आहे.

आमच्यात लग्नाचे बोलणे झाले होते काय, असे विचारल्यावरून सांगते की, बोलणे झालेले नव्हते.

दि. २७ मार्च रोजी दुपारी मी वारणानगर येथे जाऊन प्रसेनजीतचे वडील केरबा शिंगे यांना भेटले. ते साखर कारखान्यातून निवृत्त आहेत. मी त्यांना पाचही फोटो व सर्व मेसेज दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. चौथा फोटो त्यांनी बराच वेळ डोळ्यांसमोर धरला. म्हणाले, "ह्या कातळावर माझ्या बानं सुरुंगाची भोकं पाडल्यात." मी म्हणाले, "काका, पुढं हो असं मीच म्हटलं त्याला." ते म्हणाले, "व्हय. वाचलं की मी."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझ्यावर राग न्हाय असं म्हणणार न्हाय मी. राग हाय. पर लोकं म्हणत्यात पोरानं जीव दिला. त्येनं जीव दिला न्हाय. त्यो कामावर हुता. त्या दिवशी कुठलं काम चाललंतं, कुणी सांगितलंतं, समदं जाऊन लिवून दे." अक्षता आतल्या खोलीत होती. तिने मेसेज वाचले आहेत. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

त्याप्रमाणे मी आज आले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्या सांगण्यावरून प्रसेनजीत कडेला गेला. त्याने मुरूम सुटल्याचे मला कळवले होते. मी त्यास थांब म्हणाले नाही. यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. गेम विक्रीस लावलेला नाही. दुकानात अजून पहिलेच चित्र आहे.

हा जबाब हवालदार आकाराम चौगुले यांनी संगणकावर टाइप केला व मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना सोबतच्या कागदात मयताच्या नावापुढे 'धंदा: काही नाही' असे आले. मी हरकत घेतल्यावरून ते खोडून 'धंदा: गेम तयार करणे' असे लिहिण्यात आले. खाडाखोडीजवळ मी सही केली आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे.

सही: सबिना चमन शिकलगार