बासुंदीची दुसरी वाटी

सावरून बसा मंडळी. बुक्का लागला, हार घालून झाला. पूर्वरंगात तासभर मी तुम्हाला व्रत-नेमांचं माहात्म्य ऐकवलं आणि तुम्ही माना डोलावल्यात. आता एक प्रश्न विचारते. आपण नेम धरतो, तो नक्की कोणासाठी? देवासाठी? — थांबा, उत्तर देऊ नका! घाईघाईनं उत्तर देणाऱ्या एका बाईची फजिती आधी ऐका.

आज आख्यानात राजा नाही, ऋषी नाही, राक्षसही नाही. आजची नायिका मीच. आणि राक्षसीण? तीही मीच! पेटीवाले काका, हसू नका, सूर धरा.

गेल्या दिवाळीत आम्ही पाटणहून ठाण्याला दिरांकडे गेलो होतो. मी, आमचे हे, आणि माझ्या सासूबाई — माई. वय एक्याऐंशी. कानानं कमी, पायानं खुटखुटीत. भाऊबीज झाल्यावर आमचे विद्याधर भाऊजी म्हणाले, "वहिनी, उद्या गाडी काढतो. दिवसभर मुंबई बघू!"

मी म्हटलं, "भाऊजी, माझे नेम सांभाळून हं."

मंडळी, माझे नेम म्हणजे घरच्यांना परीक्षेचं वेळापत्रक! आधी तुळशीला पाणी, मग गाईला घास, मग माझा घास. त्यात चातुर्मास अजून संपला नव्हता, म्हणून जेवताना मौन. जेवताना एक शब्द जरी निघाला, तरी पान सोडून उठायचं, दिवसभर पुन्हा अन्न नाही. आता बघा — माझं पोट बोलण्यावर! लोक मला बोलायला बोलावतात, नारळ देतात, आणि मी व्रत कसलं घ्यावं? न बोलण्याचं! पण काय सांगू, चारचौघांत कोणी "बाईंचं मौन आहे हो" म्हटलं, की आतून असं गार गार वाटायचं…

सकाळी भाऊजींच्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं. "गाय वाटेत भेटेल," म्हटलं आणि निघालो. माई गाडीत बसल्याबरोबर म्हणाल्या, "मला समुद्र दाखवा. बाकी काही नको."

मी म्हटलं, "हो माई. आधी राणीची बाग, मग जेवण, मग समुद्र." कार्यक्रम मी ठरवला होता ना!

राणीच्या बागेत वाघ पाहिला, हत्ती पाहिले. पेंग्विन पाहिले — पंगत संपल्यावर यजमान हात मागे बांधून फिरतात ना, अगदी तसे! माई काठी टेकत मागून येत होत्या. दर अर्ध्या तासानं विचारत, "समुद्र आला का?" आणि दर अर्ध्या तासानं मी म्हणत होते, "येईल हो." जसा काही समुद्रच चालत येणार होता!

दीड वाजला. पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. गिरगावात एक जुनं भोजनालय, बिनकांदा-लसणीचं. पाटावर नाही, टेबलावर; पण ताट कसं! टम्म पुऱ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर… आणि वाटीत बासुंदी. चारोळी घातलेली. गुलाबीसर, दाट. मी हात जोडले, ताटाभोवती पाणी फिरवलं, आणि मौनात गेले. पहिला घास. आहाहा!

तिसऱ्या पुरीला मान वर केली, तर समोर माई. त्यांनी आपल्या ताटातल्या दोन पुऱ्या उचलल्या, कागदी रुमालात गुंडाळल्या, काठी घेतली, आणि सरळ दाराबाहेर!

पाहिलं फक्त मी. ह्यांचं लक्ष ताटात, भाऊजींचं मोबाईलमध्ये. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? "माई!" — एक शब्द. दोन अक्षरं. कीर्तनात मी तासाला किती हजार बोलते, तुम्हीच मोजा! पण नाही. मौन! मी हात वर केला आणि दाराकडे बोट दाखवलं. "हूं! हूं!"

हे म्हणाले, "तिला पंखा हवाय."

भाऊजी म्हणाले, "छे रे, वहिनींच्या डोळ्यांवर ऊन येतंय." आणि उठून त्यांनी काय केलं? दार लावलं! जन्मदात्री आई बाहेर, आणि लेकानं दार लावलं! मी कपाळावर हात मारला, रिकाम्या खुर्चीकडे खुणावलं, वाटी आपटली — "हूं! हूं!"

वाटी आपटलेली बघून वाढपी धावत आला. "समजलं ताई," म्हणाला, आणि बासुंदीची दुसरी वाटी ठेवून गेला.

आणि मंडळी… मी ती घेतली.

घरी सगळ्यांना सांगितलं, व्रत मोडेल म्हणून गप्प बसले. आज देवासमोर उभी आहे, खरं सांगते. पान सोडून उठावं लागलं असतं. आणि पानात बासुंदी होती. मनात म्हटलं, हात धुवायला गेल्या असतील. हात धुवायची जागा आत आहे, हे मला ठाऊक होतं!

सावकाश जेवले. चूळ भरली. "कृष्णार्पणमस्तु" म्हटलं. आणि मग, आपल्या या बारीक आवाजात विचारलं, "माई कुठं गेल्या हो?"

हे उभेच राहिले. "कुठं गेल्या म्हणजे?"

बाहेर आलो, तर फटाक्यांचे कागद, गाड्या, माणसंच माणसं. माईंजवळ फोन नाही. पत्ता पाठ आहे तो पाटणचा. हाक मारली तर ऐकू जाणार नाही. हे एका गल्लीत, भाऊजी दुसऱ्या. आणि मी? जिनं दोन अक्षरं तोंडातून काढली नव्हती, तिनं गिरगावात अशी आरोळी ठोकली, की चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या! "माईऽऽ! ओ माईऽऽ!" पदर कुठं, चपला कुठं. पाऊण तास!

चौकात हवालदार उभे होते. म्हटलं, आमच्या सासूबाई हरवल्यात, हातात काठी आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, "आजींच्या साडीचा रंग कोणता?"

मंडळी, माझी वाचा बसली. पुराणातल्या राण्यांच्या शालूचे काठ मी तुम्हाला अर्धा तास ऐकवते. पदरावरचे मोर मोजून दाखवते! आणि सकाळपासून जी बाई माझ्या मागून चालत होती, तिच्या अंगावर काय होतं, ते मला सांगता येईना. त्या दिवसातलं खरं मौन ते. तिथं मला रडू फुटलं.

हवालदार म्हणाले, "काठीवाल्या आजी? पुढं देवळाशी बघा बरं."

धावले. देवळाच्या पायरीशी एक बाई गाय घेऊन बसलेली, आणि शेजारी आमच्या माई! साडी — ऐका, आता कधी विसरायची नाही — अबोली रंगाची, हिरव्या काठाची.

"माई! अहो, किती शोधलं!"

माईंनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू गं! आत्ताच उठलीय ती."

गायवाली म्हणाली, "आजी कवाच्या बसल्यात. गाय निजली होती. म्या उठवते म्हनलं, तर नको म्हनल्या. झोपमोड कशाला करायची मुक्या जिवाची."

गाईनं दुसरी पुरी खाल्ली. माईंनी तिच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला, आणि माझ्याकडे वळल्या. "वैजू, तुझा गोग्रास राहिला होता गं. वाघ बघितलास, हत्ती बघितलेस, गाय काही भेटली नाही. तू पहिला घास घेतलास आणि मला आठवलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पान टाकून उठली असतीस. सकाळपासून उपाशी पोर. म्हटलं, गुपचूप जावं, तुझ्या नावानं द्यावं, गुपचूप यावं." आणि मग मला म्हणाल्या, "पोटभर जेवलीस ना?"

मंडळी, मी काय सांगू? की दोन वाट्या?

"आणि तुम्ही?"

"मी कशी जेवेन? तुझा नेम पुरा व्हायचा होता."

म्हणजे जे मौन मी मिरवत होते, त्याच्या पहिल्याच घासाला माझं दुसरं व्रत मोडलं होतं, गाईआधी खायचं नाही हे. माझ्या ध्यानातही नव्हतं. ते मोडकं व्रत जोडायला एक्याऐंशी वर्षांची बाई उन्हात बसली होती, उपाशी. गप्प मीही राहिले, गप्प त्याही राहिल्या. देवानं कोणाचं मौन मोजलं असेल, ते मला विचारू नका.

भोजनालयातून त्यांचं ताट बांधून घेतलं आणि चौपाटीवर गेलो. माई समुद्राकडे तोंड करून पुरी-भाजी जेवल्या. एकदाच म्हणाल्या, "केवढा आहे गं!" बासुंदी? त्यांना गोड चालत नाही. ती वाटी त्यांनी माझ्यापुढं सरकवली. ती मात्र मी नाही घेतली हो!

बघा, त्या तिसऱ्या खांबाला टेकून बसल्यात. माझ्या कीर्तनात त्यांना झोप छान लागते.

जेवतानाचं मौन मी अजून पाळते. फक्त पान वाढलं की आधी तोंडानं विचारते, "माई, बसलात का?" आणि मगच गप्प होते.

आता आरती झाली की प्रसादाची पंगत बसेल. आज म्हणे शिरा आहे. वास मलाही येतोय! पहिला घास उचलण्याआधी एकदा डावीकडे बघा, एकदा उजवीकडे बघा. कोणाची जागा रिकामी आहे? तिच्या साडीचा रंग सांगता येतो का? नाही आला, तर घास खाली ठेवा आणि मोठ्यानं हाक मारा. तेवढ्यानं मोडेल असं व्रत देवाला नकोच असेल. उठा मंडळी, आरतीला उभे राहा. आणि त्या खांबाजवळच्या ताई — माईंना हळूच उठवा हं. हळू.