राख गार होईपर्यंत

अधिकारी : परवानगी मिळेल. फक्त शेजारच्या मळ्याच्या मालकाला इथं हजर राहावं लागेल. ढीग पेटल्यापासून राख गार होईपर्यंत.

थोरला : मग राहू दे. पडेल ढीग इथंच.

अधिकारी : पडू द्या की. कुजून खत होईल. आम्हालाही तेच बरं.

थोरला : फांद्यांना कीड लागलीय, बाई. कुजवत बसलो तर सगळ्या बागेत पसरेल. जाळायलाच हव्यात. पण हा माणूस माझ्या बांधावर बसणार असेल तर मला नको तुमची परवानगी.

अधिकारी : हा माणूस तुमचा सख्खा भाऊ ना?

थोरला : कागदोपत्री.

धाकटा : त्यांना सांगा, मलाही हौस नाही. अग्निशमन केंद्रातून फोन आला म्हणून आलो.

अधिकारी : तुमच्या पुढ्यात उभे आहेत ते. तुम्हीच सांगा.

धाकटा : दोन वर्षं बोलणं नाही. उगाच सवय बिघडायची.

थोरला : का नाही, तेही सांग म्हणावं. भर वाऱ्यात तण पेटवलं आणि साहेब घरात गेले चहा प्यायला. इकडे बाबांनी हातानं लावलेल्या लिंबांचा कोळसा झाला.

अधिकारी : आज वारा पडलाय. भोवतीचं गवत खरवडलंय, नळाला पाइप जोडलाय, फावडं आहे. ढिगात फांद्यांशिवाय काही नाही ना?

थोरला : काही म्हणजे काही नाही.

धाकटा : बाई, उजवीकडे खाली वाकून बघा. टायर आहे.

थोरला : तो आपला... पेट धरायला.

अधिकारी : टायर चालणार नाही. प्लास्टिक नाही, रंगवलेलं लाकूड नाही. तो धूर तुमच्याच घरात शिरतो, काका.

धाकटा : टायरमागे ठिबकच्या जुन्या नळ्या आहेत.

थोरला : ह्याला माझ्या ढिगातलं एवढं कसं दिसतं?

धाकटा : कुंपणातून दिसतं, म्हणावं. आम्ही काय डोळे मिटून बसायचं?

अधिकारी : दोघं मिळून बाहेर काढा आणि मगच काडी लावा. मला पुढं जायचंय.

थोरला : तुम्ही गेल्यावर आम्ही बोलायचं कुणामार्फत?

अधिकारी : ती बादली आहे की पाण्याची.

(अधिकारी बाई जातात. टायर आणि नळ्या बाहेर निघतात. ढीग पेटतो.)

थोरला : बादले, त्या शहाण्याला सांग, धुराच्या तोंडावर बसलाय. इकडे सरक म्हणावं.

धाकटा : बादले, त्यांना सांग, मी आहे तिथं बरा आहे.

थोरला : बरा आहे तर खोकतोय कशाला?

धाकटा : हे मला विचारलं की बादलीला?

थोरला : बादलीला.

धाकटा : बादली म्हणते, डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलंय.

थोरला : कधी?

धाकटा : लिंबं जळाली तेव्हा.

थोरला : तुझा काय संबंध? मी धावत आलो तेव्हा तू बांधावर हात बांधून उभा होतास.

धाकटा : वहिनीनं बाहेर ओढून उभा केला होता. आत शिरलो होतो मी. शेवटचं झाड तरी वाचेल म्हणून.

थोरला : ती मला बोलली नाही कधी.

धाकटा : मीच शपथ घातली. तुला कळलं असतं तर तू शिव्या द्यायचं सोडून मला दवाखान्यात नेत बसला असतास.

थोरला : गाढव आहेस.

धाकटा : हेही बादलीला?

थोरला : नाही. हे तुला. आणि मागे बघ, ठिणगी उडाली. तुझ्या गवताच्या गंजीवर.

धाकटा : नळ सोड, दादा. पूर्ण सोड.

थोरला : सोडला. वरून नको मारू, बुडाशी मार. तिकडे, डावीकडे धूर निघतोय.

धाकटा : फावड्यानं माती ओढ. अजून. बस, विझली.

थोरला : गंजीची कड सगळी भिजव. वारा उठलाय परत.

धाकटा : भिजवतोय. आज कुणी चहाला गेलं असतं तर माझ्या जनावरांचा वर्षाचा चारा गेला असता.

थोरला : दादा म्हणालास मघाशी.

धाकटा : घाईत निघालं तोंडातून.

थोरला : असू दे. ये, बस इकडे. धूर नाही या बाजूला.

धाकटा : एक सांगू? शेजाऱ्याला हजर ठेवायचा असा काही नियम नाही. सकाळी केंद्रात जाऊन फलक वाचला मी.

थोरला : मी काल वाचला. ती बाई तुझ्या वहिनीची मामेबहीण आहे.

धाकटा : मग 'नको तुमची परवानगी' कशाला चाललं होतं?

थोरला : 'बस' म्हटलं असतं तर तू बसला असतास? तुला नको म्हटल्याशिवाय तू कधी काही केलंयस?

धाकटा : वहिनीला सांगू नकोस मला कळलंय ते.

थोरला : तिला कशाला सांगतोय. खूश आहे ती स्वतःवर. चल, जाळ बसला. पाणी ओततो, तू ढवळ.

धाकटा : कडेची राहिली. तिथंही ओत.

थोरला : ओतलं. हात घालून बघितलं, गार आहे. जा आता, मोकळा झालास.

धाकटा : मधे कोमट लागतेय.

थोरला : कुठं? मला नाही लागत.

धाकटा : लागतेय म्हटलं ना. बस जरा खाली.