बारावा ओपनर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे प्रमुख माननीय नाना अम्पोफो, त्यांच्या शेजारी सोनेरी मुठीची काठी घेऊन बसलेले त्यांचे प्रवक्ते, आपल्या मुख्याध्यापिका श्रीमती क्वार्टेंग, व्यवस्थापक मंडळातली वडीलधारी मंडळी, आजचे सत्कारमूर्ती श्री. क्वाकु अडार्क्वा आणि त्यांच्या सौभाग्यवती, शिक्षकवर्ग, कुमासीहून मुद्दाम आलेल्या माजी विद्यार्थिनी, मुलींनो, आणि तिकडे मागच्या दारात ॲप्रनला हात पुसत उभ्या असलेल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या बायांनो. ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं त्यांनी ते घेतलं असं समजून बसावं. आपल्याकडे ही सोय आहे, आणि मी ती दरवर्षी वापरते.

माझ्याआधी पाच जण बोलले आणि सगळे छान बोलले. अडार्क्वा सरांनी वर्कशॉप कसं उभं केलं, मुलींच्या शाळेत मुलींच्या हाती कानस आणि हातोडा कसा दिला, हे सगळं सांगून झालंय. मग या मेट्रनबाईंना काय सांगायचं उरलं, असं तुम्हाला वाटत असेल. काही जण घड्याळाकडे बघतायत तेही मला दिसतंय. बघू नका. जोलॉफ भात मी शिजवलाय, आणि माझं भाषण संपल्याशिवाय त्याचं झाकण निघणार नाही.

मी बोलणार आहे एका टिनाच्या ओपनरबद्दल.

हसा, हसा. पण सातशे मुलींचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा ओपनर म्हणजे काय ते. टोमॅटोचे मोठे डबे, मासळीचे डबे, दुधाचे डबे. दिवसाला साठ-सत्तर. बाजारातला ओपनर महिनाभरात वाकायचा, मग बाया सुरी आणि बत्ता घेऊन डब्यांशी मारामारी करायच्या. वस्तू केवढीशी? एक मूठ, एक पातं, आणि पात्याच्या बाजूला डब्याची कड पकडणारी एक खाच. खाच कडेत अडकवायची, मूठ उचलायची, पातं पत्र्यात घुसतं. पुन्हा सरकवायची, पुन्हा उचलायची. यात डिझाइन ते काय असणार? मलाही तसंच वाटायचं. स्वयंपाकघराबाहेरच्या माणसांना स्वयंपाकातलं काही कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. दुसरं सत्र चालू होतं. दुपारच्या जेवणात एका मुलीच्या घासात पत्र्याची चिमुकली धस आली आणि तिचा ओठ कापला. रक्त फार नव्हतं, पण आख्ख्या जेवणघरात हाहाकार. तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं, "मेट्रन, कुणाच्या हातचं आहे ते शोधा. सत्र संपेपर्यंत ती बाई गेलेली असली पाहिजे."

मला शोधायची गरजच नव्हती. माझ्याकडे फोफी नावाची बाई होती. अजून आहे, दारात डावीकडून दुसरी. तिच्या बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या. बाकीच्या दहा डबे उघडायच्या तेवढ्यात हिचे पाच. आणि डबे घेऊन ही जायची कोठाराच्या खोलीत, दार लावून. मी मनात म्हटलं, आळशी आहे, वर धांदरट आहे. तिला काढायचं पत्र मी लिहून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. तिची मुलगी याच शाळेत दुसऱ्या वर्षाला होती, आईच्या नोकरीमुळे फी माफ. आई गेली की मुलगीही जाणार, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. तरी पत्र लिहिलं. मी नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हे, याचा मला भारी अभिमान होता.

त्याच आठवड्यात मी वर्कशॉपकडे बारा नवे ओपनर मागितले. दुसऱ्या दिवशी अडार्क्वा सर स्वत: आले, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाले, "मेट्रन, रिकामे डबे टाकू नका. झाकणांसकट माझ्याकडे पाठवा, तीन दिवस. आणि कुणी उघडला ते खडूनं लिहा."

माझ्या बाया काय सोडतात! एक म्हणाली, "काय हो सर, घरी सूप मिळत नाही वाटतं? डबे चाटायची वेळ आली?"

सर म्हणाले, "मिळतं, पण त्यात पत्रा नसतो. चव लागत नाही."

तीन दिवस डबे गेले. खडूचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, त्यामुळे नावं नाहीत, नुसते डबे. चौथ्या दिवशी सर पुन्हा हजर.

"डबे उघडणाऱ्या बाया किती?"

"बारा."

"सगळ्या उजव्या हातानं उघडतात?"

आता माझं उत्तर ऐका. आज ते या सभेत सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "सर, माझ्या स्वयंपाकघरात अन्नाला डावा हात? तोडून सुपात टाकीन."

ते नुसतं "हं" म्हणाले आणि गेले.

यात मी वेगळं काय बोलले होते? बापाच्या गावचा रस्ता डाव्या हातानं दाखवू नये, हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. डाव्या हातानं द्यायचं नाही, घ्यायचं नाही, वाढायचं तर मुळीच नाही. आणि उजवा हात अडकलेलाच असला आणि डावा पुढे करावाच लागला, तर आधी म्हणायचं, "डाव्याची माफी असावी." मी सकाळपासून दहा वेळा म्हणते. तुम्हीही म्हणता.

पंधरा दिवसांनी ओपनर आले. सुआमेच्या भंगारबाजारातून आणलेले ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे, ते कापून, तापवून, कानसून केलेली पाती. मूठ लाकडाची, तीन रिव्हेट मारलेली, टोकाला जरा फुगीर, म्हणजे तेलकट हातातून निसटू नये. पात्याचं टोक भाल्यासारखं सरळ ठेवलेलं नव्हतं, किंचित वळवलेलं होतं. त्यामुळे कापलेला पत्रा आत दबायचा, त्याची धस वर उठत नसे. मुख्याध्यापिका, शिक्षक, सगळे अंगणात जमले. मी एकेक उचलून डब्यावर चालवून बघितला. अकरा झाले. लोण्यातून सुरी जावी तसे. बारावा उचलला तर तो कडेला धरेचना. बघते तर काय, खाच भलत्याच बाजूला.

मी तो उंच धरून सगळ्यांना दाखवला. "सर, हा काय आरशात बघून केलात?"

सगळे हसले. मुख्याध्यापिका हसल्या. सर म्हणाले, "साचा उलटा पडला, मेट्रन. वय झालं."

मी म्हणाले, "या सरांना आता उलटे सरच म्हणायला हवं." आणि मुलींनो, तुमच्या मोठ्या बहिणींनी पुढे कितीतरी वर्षं सरांना ज्या नावानं हाक मारली, ते नाव कुणी ठेवलं हे शाळेत कुणालाच आठवत नाही. मी ठेवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सर एवढंच म्हणाले, "असू दे खणात. लोखंड आहे, खायला मागत नाही."

त्यानंतर धस कधी आली नाही. एकदाही नाही. फोफीच्या बोटांच्या चिंध्या गेल्या, तिचेही दहाला दहा डबे होऊ लागले. मला वाटलं, हा माझ्या धाकाचा प्रताप. मुख्याध्यापिकांनी पुन्हा विचारलं नाही, पत्र खिशातच राहिलं, धुण्यात विरघळलं. श्रेय मी माझ्याकडे घेतलं आणि स्वस्थ झोपले.

तीन वर्षं गेली. सुट्टीत भांड्यांची मोजदाद करताना तो बारावा ओपनर माझ्या हाताला लागला. मला वाटलं होतं, गंजला असेल. त्याची मूठ काळीभोर, तुळतुळीत झाली होती. पातं घासून घासून निम्मं उरलेलं. बाकी अकरांपैकी एकही इतका झिजलेला नव्हता. जो ओपनर कुणालाच चालत नाही, तो झिजला कसा?

शाळा उघडल्यावर पहिल्याच सकाळी मी कोठाराच्या खोलीत जाऊन गारीच्या, कसाव्याच्या रव्याच्या, पोत्यांमागे बसले. या वयात, या देहयष्टीनं. फोफी आली. तिनं दार लावलं, डबा खिडकीच्या उजेडात ठेवला, आणि ओपनर डाव्या हातात घेतला. मला आजही ते दिसतं. तिचा हात कुठे थांबला नाही, अडखळला नाही. झाकण गोल निघून आलं, कड गुळगुळीत. इतक्या वर्षांत मी या बाईला एकही काम इतकं सहज करताना पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "फोफी."

ओपनर खाली पडला. डावा हात पाठीमागे गेला. मान खाली घालून ती पुटपुटली, "मेट्रन, डाव्याची माफी असावी."

नाना, मी या शाळेत खूप जणींना खूप काही बोलले आहे. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "दार उघडं ठेवत जा. अंधारात बोट कापेल."

आणि ओपनर उचलून तशीच तडक वर्कशॉपमध्ये गेले. सर एकटे होते, दाराकडे पाठ. व्हाइसच्या जबड्यात काहीतरी पकडून कानस मारत होते. डाव्या हातानं. माझी चाहूल लागताच कानस उजव्या हातात गेली, इतक्या चटकन, की वर्षानुवर्षांची सवय असल्याशिवाय ते जमणार नाही. तेव्हा मला त्यांचं फळ्यावरचं अक्षर आठवलं. कोंबडी नाचून गेली असं आपण सगळे म्हणतो ना? तेच.

मी ओपनर त्यांच्यासमोर ठेवला. "सर, साचा उलटा पडला नव्हता."

"नव्हता."

"तुम्हाला कळलं कसं?"

"डब्यांवरून. बहुतेक डब्यांच्या कापलेल्या कडेचे दाते एकीकडे झुकलेले, थोड्यांचे दुसरीकडे. म्हणजे कुणीतरी बाई लपून डाव्या हातानं उघडतेय, आणि त्यासाठी हत्यार उलटं धरतेय. उलट्या हत्यारानं पत्रा कापत नाही, फाटतो. धस तिथून येत होती. हात चुकीचा नव्हता, मेट्रन. हत्यार चुकीचं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर हसू करून घेतलंत!"

ते हसले. "तुम्ही सूप करणार होता ना त्या हाताचं."

मी स्टुलावर बसले. मग तेच म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो. मास्तरांनी माझा हा हात बाकाच्या पायाला सुतळीनं बांधला होता. वर्षभर. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, तिचं कशाला होऊ द्यायचं?"

"आणि उलटे सर म्हणवून घेतलंत ते?"

"नाव काय वाईट आहे?"

उजव्या हातानं केलेलं डाव्या हाताला कळू नये, असं म्हणतात. इथे डाव्या हातानं केलं, आणि ते कळायला या उजव्या बाईला तीन वर्षं लागली.

त्यानंतर कोठाराचं दार उघडं राहू लागलं. आणि काय सांगू, दार उघडं राहिल्यावर आणखी दोघींचे हात बाहेर आले. बारा बायांत तीन! आज वर्कशॉपच्या मुली आम्हाला दोन्ही हातांचे ओपनर करून देतात, दोन वेगळे खण आहेत. फोफी आता माझ्या हाताखालची मुख्य स्वयंपाकीण आहे, आणि आजच्या जोलॉफला कालथा तिनं फिरवलाय. कुठल्या हातानं ते विचारू नका. वास तर घेताय ना?

हे सगळं मी फोफीला विचारून सांगितलं. सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, मुख्याध्यापिकांचे आणि उपाशी पोटी ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. मान देताना कुणाचा क्रम मागेपुढे झाला असेल, जीभ कुठे जास्त चालली असेल, तर पदरात घ्या. उलटे सर या नावाबद्दल मी सरांची आज सगळ्यांदेखत माफी मागते. फक्त एका गोष्टीची माफी मागणार नाही, आणि त्यासाठी नाना, प्रवक्त्यांमार्फत मी तुमची परवानगी मागते. आता या मंचावर जे होईल ते तुमच्यासमोर सहसा होत नाही.

नानांनी मान डोलावली. सगळ्यांनी पाहिलंत ना? आभारी आहे.

फोफी, वर ये. तो बारावा ओपनर आणलायस ना? दे सरांना. नाही, उजव्या हातात घेऊ नकोस. तुझ्या हातानं दे. आणि ते वाक्य म्हणू नकोस, आज त्याची गरज नाही.

सर, हात पुढे करा.

तो नाही, सर. दुसरा.