पाव परत आणून ठेवणारा कुत्रा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक सर. व्यासपीठावर माझ्याहून शहाणी असूनही माझ्याआधी न बोलू दिलेली पाहुणे मंडळी. पहिल्या रांगेतले घड्याळजी आजोबा. मागे भिंतीला टेकून उभे असलेले पालक. पुढे सतरंजीवर लोळणारे आमचे खरे मालक, म्हणजे वाचक. आणि ज्यांनी 'माझ्याबद्दल कुणी बोलू नका' असं सांगितल्यावर आपण सगळ्यांनी खोटं खोटं 'बरं' म्हटलं त्या आपल्या बालवाचनालयाच्या, आज निवृत्त होणाऱ्या ताई, आपल्या सर्वांना माझा नमस्कार.

मी दातांचा डॉक्टर. माझ्यासमोर बसलेला माणूस तोंड उघडतो, पण त्याला बोलता येत नाही. आज तुमचं तोंड बंद आहे आणि तुम्हाला बोलता येत नाही. मला फरक फारसा जाणवत नाहीये, त्यामुळे भाषण थोडं लांबेल.

आता दातांच्या डॉक्टरचं आणि गोष्टींच्या पुस्तकांचं काय नातं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. त्याचं असं झालं. ताई एकदा दाढ दाखवायला आल्या. माझ्याकडे बाहेरच्या बाकावर मुलांसाठी एकच चित्रपुस्तक होतं, दात पोखरणाऱ्या किड्यांचं. त्यात किड्यांच्या हातात कुदळी होत्या. ताईंनी ते पाहिलं, पिशवीत टाकलं, आणि दाढेचं काम झाल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टर, पोरं तुमच्या सुईला नाही रडत. या पुस्तकाला रडतात. शनिवारी निवड समितीला या, जरा डोळे उघडतील." अहो, पेशंट डॉक्टरला तपासून गेला. तेव्हापासून मी समितीत आहे.

आमच्या समितीची पद्धत तुम्हाला माहीत नसेल. ताईंचा नियम असा, की मुलांचं पुस्तक मुलांच्याच खुर्चीत बसून निवडायचं. अध्यक्ष महाराज, माफ करा, पण तुम्ही त्या बुटक्या खुर्चीत बसलात की तुमचे गुडघे कानाला लागतात, हे या सभागृहाला कळलंच पाहिजे. एकाने पुस्तक बाकीच्यांकडे तोंड करून धरायचं आणि पानं उलटायची. मध्ये कुणी घड्याळाकडे पाहिलं की पुस्तक नापास. कुणी "थांबा, मागचं पान परत दाखवा" म्हटलं की पास. बक्षीस मिळालंय, जाड कागद आहे, बोध चांगला आहे, असलं काही चालत नाही. बोधाचं नाव काढलं की ताई म्हणतात, "बोध घरी मिळतो, सकाळ संध्याकाळ. इथे गोष्ट हवी."

तर एक दिवस एक मुलगी आली आणि तिने आपलं वाचनालयाचं कार्ड ताईंच्या टेबलावर ठेवलं. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. आपल्या घड्याळजी आजोबांची नात. तेव्हा आठेक वर्षांची असेल. म्हणाली, "हे परत घ्या. मी आता येणार नाही."

ताईंनी विचारलं, "का गं? कुणी बोललं का?"

"आम्ही ज्यू आहोत," ती म्हणाली. "तुमच्याकडे आमच्या माणसांची जेवढी पुस्तकं आहेत तेवढी मी वाचली. सगळ्यांत कुणीतरी पळतं, नाहीतर लपतं, नाहीतर मरतं. आजोबा म्हणतात ते सगळं घडलंय, ते विसरायचं नाही. मी नाही विसरत. पण आमच्यातलं कुणी नुसतं शाळेत जात नाही का? भांडून घरी येत नाही? हसत नाही?"

ताईंनी कार्ड रद्द केलं नाही. खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुझंच आहे. मी शोधते. हसणारं सापडलं की न्यायला ये." आणि मग त्या हात धुऊन मागे लागल्या. दुकानदारांना हैराण केलं, परगावच्या ग्रंथपालांना फोन केले. एवढंच काय, माझ्या खुर्चीत तोंडात कापूस असतानाही मला काहीतरी विचारत होत्या, मी आपला "हो हो" म्हणत होतो.

घड्याळजी आजोबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी दूरदेशीच्या नातेवाइकांकडून एक चित्रपुस्तक मागवलं आणि समितीपुढे ठेवायला दिलं. शब्द एकही नाही, नुसती चित्रं. दोन्ही पुठ्ठ्यांवर नाव होतं, पण हिब्रू अक्षरांत, आणि आमची विद्वत्ता तिथवर पोचलेली नव्हती. भिंगरी बाहेर पायरीवर बसून राहिली. तिचं कार्ड परत जाणार की खणातच राहणार, ते आमच्या हातात होतं.

ताईंनी पुस्तक धरलं आणि उघडलं. पहिल्याच पानावर भरलेलं घर. लांबलचक टेबल, माणसांची दाटी, टेबलाखाली पोरं, मध्ये दोन मेणबत्त्या आणि टोकाला हसणारी आजी. आम्ही म्हटलं, वा. पुढच्या पानावर एक पाहुणा कमी. त्यापुढे आणखी एक. आणि मंडळी, पाहुणे दारातून बाहेर पडताना तोंड घराकडे करून, उलटे चालत जात होते. मी विचारलं, "हे असे का चालतायत?" अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "यजमानांना पाठ दाखवायची नाही, अशी रीत असेल त्यांच्यात."

मग कुत्रा आला. तोंडात पाव. तो पाव त्याने टेबलावर चढून ताटात नीट ठेवला आणि निघून गेला. ताई म्हणाल्या, "किती गुणी कुत्रा आहे." मेणबत्त्या तर पानागणिक उंच होत चालल्या होत्या. मी हळूच विचारलं, "सर, जळणारी मेणबत्ती वाढते का?" सर म्हणाले, "प्रतीक आहे, डॉक्टर. तुम्हाला नाही कळायचं."

शेवटच्या पानावर टेबल रिकामं. आजी एकटी, हातात फडकं, एक खुर्ची पुसतेय. मी रुमाल काढला. खोटं कशाला बोलू, सरांनीही काढला. आणि आम्ही एकमताने ठरवलं, की पुस्तक फार सुंदर आहे, पण फार उदास आहे. जी पोर हसणारी गोष्ट मागतेय तिला हे कसं द्यायचं?

ताई स्वतः पायरीवर गेल्या. पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "बाळा, नाही गं जमलं. शेवटी आजी एकटीच राहते."

भिंगरी त्यांच्याकडे बघतच राहिली. "शेवटी? ताई, तिथून तर सुरू होतं."

"आमची हिब्रू पुस्तकं उजवीकडून उघडतात," ती म्हणाली. आत आली, आमच्यातल्या एका बुटक्या खुर्चीत बसली आणि पुस्तक आमच्याकडे तोंड करून धरलं. शुक्रवारची संध्याकाळ, त्यांच्या दर आठवड्याच्या सणाच्या जेवणाची. एकटी आजी खुर्ची पुसतेय. मग एकेक पाहुणा सरळ चालत आत येतो. मेणबत्त्या जळत जळत लहान होतात. कुत्रा पाव चोरून पळतो. आणि शेवटच्या पानावर घर भरलेलं. आम्ही काय पाहिलं होतं ते सरांनी तिला सांगितलं मात्र, उलटे चालणारे पाहुणे आणि गुणी कुत्रा ऐकून ती हसत हसत खुर्चीवरून खाली पडली. तिला पाहून ताई हसल्या, ताईंना पाहून मी, आणि सर त्या खुर्चीतून उठता येईना म्हणून बसूनच हसले. आजोबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी जन्मभर काटे मागे-पुढे फिरवले, पण चोराला माल परत ठेवताना पाहायचा मान तुम्हालाच."

त्या दिवशी भिंगरी कार्ड घेऊन गेली. पुढे तिच्यामुळे ताईंनी एक कादंबरीही आणली, फुटबॉलमध्ये गोलकीपर असलेल्या ज्यू मुलीची, जी अभ्यास सोडून सगळं करते. सर म्हणाले होते, "यातून त्या समाजाची काय माहिती मिळते?" ताई म्हणाल्या, "मिळते ना. त्यांच्या पोरीही प्रगतिपुस्तक गादीखाली लपवतात." त्या कादंबरीची शिवण आजवर कितीदा उसवली, ते शिवणाऱ्याला विचारा.

आता जे सांगतोय ते सांगायचं नाही असं ठरलं आहे. सर मला मघापासून डोळ्यांनी खुणावतायत. पण सर, माझ्या पोटात काही राहत नाही.

मागच्या आठवड्यात ताई माझ्याकडे आल्या होत्या. मी सहज विचारलं, "सोमवारपासून काय बेत?" त्यांनी चूळ भरली आणि म्हणाल्या, "बेत कसला, डॉक्टर. इतकी वर्षं घर भरलेलं होतं. आता एकेक जण जाणार, आणि शेवटच्या पानावर मी खुर्ची पुसत बसणार." बाहेर बाकावर भिंगरी बसली होती. आता ती दहावीत आहे, दातांना तार आहे, आणि कान तिखट आहेत. ताई गेल्यावर आत येऊन म्हणाली, "डॉक्टर, ताईंनी परत पुस्तक चुकीच्या बाजूने उघडलंय."

तर ताई, निवड समितीची बैठक यापुढे दर शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या घरी. ही विनंती नाही, ठराव आहे. बुटक्या खुर्च्या आम्हीच आणतोय. भिंगरी नवीन पुस्तकं घेऊन येईल, आजोबा तुमचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ बघतील, सतरंजीवरची ही मंडळी बोलावलं नाही तरी येतील. सरांचा कुत्राही येणार आहे. तो पाव परत आणून ठेवेल, याची हमी मी देत नाही.

तुम्ही येत्या शुक्रवारी जरूर एकट्या बसा, ताई. हातात फडकं घ्या, एक खुर्ची पुसा, आणि दाराकडे बघत राहा. ते पहिलं पान आहे.

ताई, डोळे पुसायला तेच फडकं घेऊ नका, हा माझा रुमाल घ्या. धुतलेला आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं आणि आपण ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. गुपित फोडल्याबद्दल भिंगरी मला माफ करेल अशी आशा आहे, कारण तिच्या तारा अजून माझ्याच हातात आहेत. बोलताना काही मागचं पुढे झालं असेल, तर सांभाळून घ्या, आणि तरीही नाही जमलं तर भाषण दुसऱ्या टोकाकडून ऐकल्यासारखं करा. नमस्कार.